उकिरडा : ओला आणि कोरडा

दिवाळीपासून वैशाखापर्यंत ज्या उकिरड्यावर रोज सकाळी शेणाच्या पाट्या रित्या होतात, तो उकिरडा पाट्यांच्या हिशेबाने कधीच वाढत नाही, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याच्या अनुभवाची आहे. मृगापूर्वी खत शेतात ओढण्याची वेळ येते तेव्हा गाड्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमीच भरते. पाणी उडून गेले, गवतकाडी कुजून आटली, असे मनाचे समाधान करून आपण पुढील कामास लागतो. आणि हे समाधान अगदीच खोटे आहे असेही नाही, कारण ढिगाची जी घट होते तिच्यात पाण्याच्या वाफेचा व कार्बन डायऑक्साईडचा वाटा सर्वांत मोठा असतो. हा कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असल्यामुळे त्याचे हवेत परत जाणे ही परतफेडच होय. परंतु या निरुपद्रवी निर्गमनाच्या आडून आणखी तीन वायू ढिगातून बाहेर पडत असतात : अमोनिया, मिथेन आणि नायट्रस ऑक्साईड. पहिला शेतकऱ्याच्या पदरचे नत्र घेऊन जातो आणि हवा दूषित करतो. उरलेले दोन पृथ्वीच्या वातावरणात उष्णता अडवून धरतात. शंभर वर्षांच्या मुदतीने मोजले, तर एक किलो मिथेनचा तापकारक प्रभाव सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साईडइतका आणि एक किलो नायट्रस ऑक्साईडचा २७३ किलोंइतका भरतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या हरितगृह-वायूंपैकी १४.५ टक्के वायू पशुपालनाच्या खाती मांडले असून, त्यांतील सुमारे दहावा हिस्सा शेणामुताच्या साठवणीतून व त्यावरील प्रक्रियेतून येतो, असे म्हटले आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेकरावाटे येणारा मिथेन याहून कितीतरी अधिक आहे, हे खरे. परंतु गाईच्या ढेकरावर धन्याची हुकमत फारशी चालत नाही, ती उकिरड्यावर मात्र चालते. आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत, आणि पूर्ण वाढलेले एक जनावर दिवसाकाठी १५ ते २० किलो शेण टाकते, मूत्र निराळेच, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचा व्याप लहान मानता येत नाही. या प्रकरणात प्रतिपादन करावयाचे ते एवढेच की, या तीन वायूंचे भवितव्य बहुतांशी खताच्या ढिगावर ठरत नसून त्याच्या आधी, गोठ्यात, शेणामुताशी किती पाणी मिसळले जाते यावर ठरते. आणि आपला उकिरडा अद्याप बव्हंशी कोरडा असल्यामुळे, परदेशांनी जो धडा फार उशिरा व फार खर्चाने घेतला, तो आपणांस वेळेवर घेता येण्याजोगा आहे.

मूत्रातील नत्र

वैरणीतील व पेंडीतील जी प्रथिने दुधात किंवा अंगावरच्या मांसात उतरत नाहीत, त्यांतील नत्र मलमूत्रावाटे बाहेर पडते, आणि त्याचा निम्मा, पुष्कळदा निम्म्याहूनही अधिक भाग मूत्रात युरियाच्या रूपाने असतो. शेणातील नत्र सेंद्रिय पदार्थांत घट्ट बांधलेले असते आणि सावकाश सुटते. मूत्रातील नत्राची स्थिती अगदी निराळी. युरिया स्वतः स्थिर व गंधहीन असला, तरी शेणात व गोठ्याच्या जमिनीवर वावरणारे जिवाणू ‘युरिएज’ नावाचे विकर निर्माण करतात आणि त्याचा स्पर्श होताच काही तासांच्या अवधीत युरियाचे अमोनियात रूपांतर होऊ लागते. जेम्स समनर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली अबईच्या जातीच्या शेंगेतील दाण्यांपासून हेच विकर स्फटिकरूपात वेगळे केले. स्फटिकावस्थेत मिळालेले ते पहिले विकर असून, या शोधाबद्दल समनरला १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पहाटे बंद गोठ्याचे दार उघडताच डोळ्यांना जो झोंबरा वास लागतो, तो याच विकराच्या रात्रभराच्या कामगिरीचा परिणाम होय.

निर्माण झालेला अमोनिया द्रवात विरघळून राहील की हवेत उडेल, हे द्रवाच्या आम्लतेवर, म्हणजे शेतकीच्या परिभाषेत ज्याला सामू म्हणतात त्यावर, आणि तापमानावर अवलंबून असते. सामू सहा-सातच्या आसपास असता तो जवळजवळ सर्वच अमोनियमच्या रूपाने द्रवात राहतो. सामू सव्वानवाच्या घरात गेला की निम्मा वायुरूप होतो. दुर्दैव असे की, युरियाचे विघटन होताना भोवतालचा द्रव आपोआपच अल्कधर्मी होत जातो, म्हणजे अमोनिया आपल्या पलायनाची वाट आपणच मोकळी करीत असतो. त्यास वाऱ्याची, उन्हाची व पसरट ओल्या पृष्ठभागाची जोड मिळाली की नुकसान पुरे होते. हवेत गेलेला अमोनिया धुरातील गंधकाच्या व नत्राच्या आम्लांशी संयोग पावून फुप्फुसांत खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण तयार करतो. पावसाबरोबर तो रानांवर व तळ्यांवर उतरतो, तेव्हा नापीक माळावर वाढणाऱ्या नाजूक वनस्पती मागे पडून नत्रलोभी तण माजते आणि पाण्यात शेवाळ फोफावते. त्यातील अल्पसा अंश, साधारणतः शेकडा एक, मातीतून पुन्हा नायट्रस ऑक्साईड होऊन वर जातो. म्हणून अमोनिया स्वतः हरितगृह-वायू नसला, तरी त्याची गणना त्या वायूंच्या साथीदारांत करावी लागते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या हानीचे मोल काढणे कठीण नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शेकडा अर्धा किलो नत्र असते असे मानण्याचा प्रघात आहे, म्हणजे दहा टन खतात ते ५० किलो झाले. ढिगाने साठविलेल्या दुभत्या जनावरांच्या खतातून सुमारे ३० टक्के नत्र वायुरूपाने जाते, असे हवामान-बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने हिशेबासाठी गृहीत धरले आहे. त्या मानाने मूळचे नत्र ७१ किलो असून वाटेत २१ किलो गळाले. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत नत्र असते जेमतेम तेवढेच. म्हणजे दर दहा टन खतामागे युरियाची एक संपूर्ण गोणी उकिरड्यावरून उडून जाते, आणि तीच गोणी शेतकरी पुढे दुकानातून विकत आणतो.

पाण्याखालची कुजणी

१७७६ साली इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा याने माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेट घेतो असे दाखविले. दलदलीत जे घडते तेच शेणाच्या पातळ काल्यात घडते. प्राणवायूचा जेथे मुळीच प्रवेश नाही अशा ठिकाणी प्रथम काही जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे आम्लांत रूपांतर करतात, आणि त्यांनी सिद्ध केलेल्या अन्नावर मिथेनजनक सूक्ष्मजीव आपली गुजराण करतात. हे जीव अतिशय प्राचीन कुळातील असून प्राणवायू त्यांना विषवत आहे. थंडीत ते सुस्त होतात आणि उष्णतेबरोबर त्यांचा उद्योग झपाट्याने वाढतो.

वर उल्लेखिलेल्या आंतरशासकीय मंडळाने २००६ साली देशोदेशींच्या सरकारांना वायूंचा ताळेबंद मांडण्यासाठी जी मार्गदर्शिका दिली, तिच्यातील एक कोष्टक या संदर्भात डोळे उघडणारे आहे. शेणातून जास्तीत जास्त जितका मिथेन निघणे शक्य आहे, त्याचा कितवा हिस्सा प्रत्यक्षात निघतो हे त्यात दिले आहे. कोरड्या ढिगात थंड मुलखात हा हिस्सा दोन टक्के आणि उष्ण मुलखात पाच टक्के. तेच शेण पाण्यात कालवून टाकीत साठविले आणि त्यावर साय धरली नाही, तर दहा अंश सेल्सिअस सरासरी तापमानाच्या प्रदेशात १७ टक्के, आणि अठ्ठावीस अंशांच्या वर ८० टक्के. अर्थात उष्ण देशात कोरड्याचे ओले केल्याने मिथेन सोळापट होतो. डेन्मार्कच्या शेतकऱ्याला ओल्या साठवणीबद्दल जो दंड निसर्ग आकारतो, त्याच्या कितीतरी पट दंड विदर्भातील किंवा मराठवाड्यातील शेतकऱ्याला तो आकारील.

या कोष्टकात न दिसणारी आणखी एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टाकी रिकामी करताना तळाशी जो जुना काला राहून जातो तो विरजणासारखे काम करतो : त्यात मिथेनजनक जीवांची भरभराट झालेली असते, आणि त्यावर ताजे शेण पडताच वायूची उत्पत्ती विनाविलंब सुरू होते, टाकी खरवडून स्वच्छ केली असता हीच उत्पत्ती काही काळ तरी लांबणीवर पडते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी साठवण तळापर्यंत उपसणे आणि गोठ्याखालच्या उष्ण गाळाला फार दिवस पडू न देणे, या दोन बिनखर्ची उपायांचेही मोल मोठे आहे.

सीमेवरचा वायू

तिसऱ्या वायूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. हम्फ्री डेव्ही याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्याचा गुंगी व हास्य आणणारा गुण स्वतःवर प्रयोग करून वर्णिला, तोच हा नायट्रस ऑक्साईड. ढिगाच्या बाहेरच्या, हवेशीर भागात जिवाणू अमोनियमचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. हे कार्य सजीवांचे आहे, हे श्लोझिंग व म्यून्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली सिद्ध केले. नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून ढिगाच्या कोंदट भागात उतरले की तेथील दुसरे जिवाणू त्यातील प्राणवायू काढून घेतात आणि नत्र पुन्हा वायुरूप करून सोडून देतात. ही दुसरी क्रिया शेवटास गेली तर निरुपद्रवी नायट्रोजन बाहेर पडतो, वाटेत अडखळली तर नायट्रस ऑक्साईड. तेव्हा जेथे सर्वत्र पाणी आहे तेथे हा वायू जवळजवळ निर्माण होत नाही, जेथे सर्वत्र कोरडे आहे तेथेही तो थोडाच निघतो. ओले आणि कोरडे यांची जेथे सरमिसळ असते, तो त्याचा खरा मुलूख. प्रमाणाने तो अल्प असतो. परंतु वातावरणात तो शतकाहून अधिक काळ टिकतो आणि वर जाऊन ओझोनच्या थराचीही हानी करतो, त्यामुळे त्याच्या अल्पतेवर विसंबून चालत नाही.

येथे या विषयातील खरी अडचण उघड होते. ढीग उलथापालथ करून हवा खेळविली तर मिथेन थांबतो, पण अमोनिया सुटतो आणि कित्येकदा नायट्रस ऑक्साईडही वाढतो. ढीग दाबून हवा कोंडली तर अमोनिया आत राहतो, पण मिथेनला अनुकूल परिस्थिती निर्माण होते. टाकीवर पेंढा पसरून साय धरविली तर अमोनियाची वाट अडते, पण त्या सायीच्या अर्धवट सुकलेल्या भेगांत तिसरा वायू जन्म घेतो. एका वायूपुरता विचार करून योजलेला कोणताही उपाय दुसऱ्या वायूच्या पदरात भर घालण्याचा संभव असतो; इतकेच नव्हे, तर साठवणीत जपून ठेवलेले नत्र पुढे शेतात उन्हात पसरून ठेवले, तर आधीचे सारे श्रम एका दुपारीत फुकट जातात. म्हणून या उपायांचे मूल्यमापन गव्हाणीपासून नांगरटीपर्यंतच्या संपूर्ण साखळीवर करावे लागते.

युरोपचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर युरोपात पशुपालनाचे स्वरूप झपाट्याने पालटले. मजूर महाग झाले, गोठ्यात पेंढा अंथरण्याची जुनी रीत मागे पडली, आणि फटी ठेवलेल्या काँक्रीटच्या जमिनीवर जनावरे उभी राहू लागली. शेण व मूत्र त्या फटींतून खालच्या हौदात पडावे, तेथून नळाने टाकीत जावे, आणि टाकीतून यंत्राने शेतात फवारले जावे, अशी व्यवस्था रूढ झाली. श्रमाच्या दृष्टीने ती अत्यंत सोयीची होती. परंतु शेण व मूत्र यांची भेट टाळण्याची संधी तिने नष्ट केली आणि साऱ्या मालमसाल्यास कायमचे पाण्याखाली ठेवले, म्हणजे अमोनिया व मिथेन या दोहोंसही एकदम आमंत्रण दिले.

नेदरलँड्समध्ये या व्यवस्थेचे परिणाम ऐंशीच्या दशकात हीदरच्या झुडपी माळरानांवर व जंगलांवर दिसू लागले, आणि तेव्हापासून नव्या टाक्यांवर झाकण घालणे व काला जमिनीवर न फवारता जमिनीत घालणे कायद्याने सक्तीचे होत गेले. झाकणांच्या उपयुक्ततेविषयी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने दिलेले अंदाज असे : काँक्रीटचे किंवा तंबूसारखे घट्ट झाकण अमोनियाची गळती सुमारे ८० टक्क्यांनी कमी करते, पृष्ठभागावर तरंगणारे प्लास्टिक सुमारे ६० टक्क्यांनी, आणि नैसर्गिक साय सुमारे ४० टक्क्यांनी. या व इतर उपायांनी त्या देशातील अमोनियाचे उत्सर्जन १९९० नंतर अर्ध्याहून खाली आले. तरीही संरक्षित निसर्गक्षेत्रांस सोसवेल त्याहून नत्राचा वर्षाव अधिकच राहिला, आणि २९ मे २०१९ रोजी तेथील राज्यपरिषदेने नव्या परवान्यांसाठी आधारभूत असलेली सरकारची नत्रविषयक योजनाच बेकायदा ठरविली. हजारो बांधकामे खोळंबली, संतप्त शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यांवर उतरले, आणि मार्च २०२० पासून दिवसा महामार्गावरील मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरवर आणावी लागली. गोठ्यातील मूत्राने एखाद्या राष्ट्राच्या मोटारींचा वेग ठरवावा, हे वाचताना विनोदी वाटते. परंतु नत्राचा हिशेब दशकानुदशके पुढे ढकलत नेला की त्याची वसुली कोणत्या खात्यातून होईल, याचा भरवसा राहत नाही.

डेन्मार्कने निराळा मार्गही चोखाळला. तेथील काही गोठ्यांत काल्यात मोजून गंधकाम्ल मिसळतात आणि सामू साडेपाचच्या आसपास आणतात. मागे सांगितल्याप्रमाणे इतक्या आम्ल द्रवात अमोनिया वायुरूप होऊ शकत नाही, आणि मिथेनजनक जीवांनाही ते वातावरण मानवत नाही. त्यामुळे दोन्ही वायू एकाच उपायाने मोठ्या प्रमाणात घटतात, आणि हा गुण इतर उपायांत क्वचितच आढळतो. मात्र तीव्र आम्लाची हाताळणी धोक्याची आहे, काला फसफसून फेस येतो, शेतातील जमिनीस पुढे चुन्याची गरज लागते, आणि असा गंधकयुक्त काला गॅस-संयंत्रात फार थोड्या प्रमाणातच घालता येतो. त्याच देशाने २०२४ साली शेतकरी-संघटना, उद्योग व निसर्गसंस्था यांच्याशी झालेल्या करारान्वये, पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर बसविण्याचे ठरविले : कार्बन डायऑक्साईडच्या तुल्यमानाने टनामागे ३०० क्रोनर, २०३५ मध्ये ७५०, आणि त्यातून ६० टक्क्यांची वजावट. प्रदूषणाची किंमत शेतकऱ्याच्या जमाखर्चात प्रत्यक्ष उतरविण्याचा हा प्रयत्न होय.

इंदूर, बंगळूर, पुसद

खताच्या साठवणीचा विचार आपल्याकडे परदेशांच्या नंतर सुरू झाला असे मानण्याचे कारण नाही. इंग्रज सरकारच्या विनंतीवरून १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानभर फिरलेल्या जॉन व्होलकर याने १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात, जळाऊ लाकडाच्या अभावी शेणाच्या गोवऱ्या होतात याकडे लक्ष वेधले आणि सरपणासाठी राखीव झाडी वाढविण्याची शिफारस केली. गोवरी पेटली की तिच्यातील जवळजवळ सारे नत्र जाते. म्हणून उकिरड्याच्या चर्चेत चुलीचा प्रश्न टाळता येत नाही.

होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदुरास जी वनस्पती-उद्योगसंस्था उभी राहिली, तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात यशवंत वाड यांच्या सहकार्याने कंपोस्टची सुप्रसिद्ध इंदूर पद्धत सिद्ध केली, आणि तिचे विवेचन उभयतांच्या नावे १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या पद्धतीचे नाव निघाले की लोकांना खड्डा, थर व उलथणी आठवते. परंतु आजच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोलाचा भाग गोठ्यातच होता. गोठ्याची जमीन मातीची ठेवून ती मूत्र पिऊन घेईल अशी व्यवस्था करावयाची, आणि तीन-चार महिन्यांनी ती माती खणून, फोडून खतात मिसळावयाची. चिकणमातीचे कण अमोनियमला धरून ठेवतात, गवतकाडीतील कार्बन जिवाणूंकरवी त्यास प्रथिनांत बांधतो, आणि जे नत्र मूत्राच्या ओघळात उडून गेले असते ते खतात येते. त्यानंतरच्या वारंवार उलथणीने मिथेनला आळा बसतो खरा. पण ढीग तापलेला असताना प्रत्येक उलथणीबरोबर अमोनियाचा एक लोट निघून जातो, हा तिचा दोषही सांगितला पाहिजे.

बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास जी पद्धत बसविली, तिच्यात खड्डा भरून वरून चिखलाने लिंपून टाकतात आणि उलथणी करीत नाहीत. येथे श्रम वाचतात व नत्र टिकते, पण आतील कुजणी प्राणवायूविना होत असल्यामुळे मिथेनला वाव मिळतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेली ‘नाडेप’ टाकी या दोहोंच्या मधली आहे. विटांच्या भिंतीत झरोके, आत पालापाचोळा, माती व शेणकाला यांचे थर, आणि माथ्यावर शेणामातीचा लेप : बाजूंनी हवा मंदपणे शिरते, वरून ऊन व वारा लागत नाही, आणि उलथणी करावी लागत नाही. हरितगृह-वायूंची चर्चा उद्भवण्यापूर्वीच्या या तिन्ही पद्धती केवळ खताची प्रत डोळ्यांसमोर ठेवून घडल्या. तरी हवा, ओल आणि झाकण या तिघांचा तोल कोठे साधावा हाच वाद त्यांच्यातही चालू होता, आणि आजच्या शास्त्राने मोजमापे दिली म्हणून तो वाद मुळात बदललेला नाही.

गोबरगॅस आणि त्याची स्लरी

मिथेन टाळता येत नसेल तर तो पकडून जाळावा, हा विचारही आपल्याकडे जुना आहे. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र घडविले, साठच्या दशकाच्या प्रारंभापासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला, आणि १९८१-८२ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. १९८४ साली स्वस्त घुमटाचे ‘दीनबंधु’ संयंत्र पुढे आले, आणि २०१८ साली ‘गोबरधन’ योजना सुरू झाली. गोबरगॅसमध्ये साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. तो चुलीत जळला म्हणजे त्याचे कार्बन डायऑक्साईड होते, गोवऱ्या वाचतात, आणि घरधनिणीचे डोळे व फुप्फुसे धुरापासून वाचतात. एका उपायाने इतके लाभ पदरात पाडणारी दुसरी योजना या क्षेत्रात नाही.

परंतु संयंत्र बसविले म्हणजे काम संपले, हा समज घातक आहे. घुमटाला तडा गेला, नळीचा सांधा सैल झाला, किंवा चूल न पेटविता गॅस सोडून दिला, तर जो मिथेन कोरड्या ढिगातून निघालाच नसता तो आपण हौसेने तयार करून हवेत सोडतो. संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी तर अधिकच काळजीची वस्तू आहे : कुजणीत सेंद्रिय नत्राचा मोठा भाग अमोनियम होऊन मोकळा झालेला असतो आणि सामूही वाढलेला असतो, त्यामुळे ती उघड्या खड्ड्यात उन्हात राहिली तर शेणापेक्षाही लवकर नत्र गमावते, शिवाय तिच्यातून उरलासुरला मिथेनही काही काळ निघत राहतो. तीच स्लरी झाकलेल्या खड्ड्यात ठेवावी, पालापाचोळ्यात किंवा उसाच्या पाचटात जिरवून कंपोस्ट करावी, अथवा ताजी असतानाच पाण्याबरोबर पिकाच्या मुळाशी द्यावी. संयंत्राचे अनुदान मंजूर करणाऱ्या दफ्तराने झाकलेल्या स्लरीखड्ड्याची तपासणी तितक्याच कसोशीने केली पाहिजे.

पाण्याचा निर्णय

आता महाराष्ट्रापुरता विचार करू. चार-सहा जनावरे राखणाऱ्या कुटुंबाचा उकिरडा कोरडा आहे. तेथे मिथेन थोडा आणि नत्राची हानी मोठी. त्याच्यासाठी उपाय साधे आहेत. गोठ्यात कडब्याची कुट्टी, भुसा, पाचट किंवा कोरडी माती अंथरून मूत्र त्याच दिवशी शोषून घ्यावे. त्यावर अधूनमधून सिंगल सुपर फॉस्फेट शिंपडावे, म्हणजे त्यातील आम्लता व जिप्सम अमोनियास बांधतात आणि खतातील स्फुरदही वाढते. ढीग सावलीत, उंचवट्यावर, पसरट न करता रचावा, आणि पाऊस व ऊन या दोहोंपासून तो झाकावा. पावसाने भिजलेला ढीग नायट्रेट गमावतो आणि तळाशी दलदल होऊन मिथेन सोडतो. शेवटी, खत शेतात नेल्यावर लहानलहान ढिगांत आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवण्याची रीत सोडून, ज्या दिवशी पसरले त्याच दिवशी ते वखराने मातीआड करावे. यांतील कोणत्याही उपायास कर्ज काढावे लागत नाही.

परंतु चित्र पालटत आहे. शहरांच्या कडेचे तबेले आणि ग्रामीण भागातील पन्नास, शंभर, पाचशे जनावरांच्या नव्या दुग्धशाळा यांना मजूर मिळत नाहीत, म्हणून खोरे व पाटी जाऊन त्यांच्या जागी पाण्याचा पाइप आला आहे. जमिनीचा आधार नसलेल्या तबेल्यात धुऊन काढलेले शेण गटारात व नाल्यात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली दुग्धशाळा व गोशाळांसाठी घालून दिलेल्या नियमांत त्यास मनाई असली, तरी मनाईने शेण नाहीसे होत नाही. ज्या मुलखात वर्षातील बहुतेक महिने तापमान पंचविशीच्या वर असते, तेथे शेण पाण्यात घालून उघड्या खड्ड्यात ठेवणे म्हणजे उत्तर युरोपची चूक त्याहून प्रतिकूल हवेत करणे होय. आणि उत्तर युरोपापाशी ती निस्तरण्यास जो पैसा व जी यंत्रणा होती, ती आपल्यापाशी नाही.

मोठी दुग्धशाळा काढू नये असा याचा अर्थ नव्हे. तिने शेण कोरडे खरवडावे, मूत्र उताराच्या पन्हळीने वेगळे काढावे, आणि धुण्याचे पाणी शेवटच्या हातापुरते वापरावे; ओले करणे अपरिहार्यच असेल, तर ते बंद संयंत्राच्या तोंडाशी करावे आणि बाहेर येणाऱ्या स्लरीस झाकण व जमीन या दोन्हींची तरतूद आधी करावी. दुग्धशाळेचा प्रकल्प-अहवाल बँकेपुढे किंवा जिल्हा परिषदेपुढे येतो तेव्हा दुधाचे लिटर व पेंडीचे दर बारकाईने तपासले जातात. त्याच कागदावर प्रत्येक जनावरामागे धुण्याचे पाणी किती, खत किती दिवस साठणार, आणि ते जिरविण्यास जमीन किती, हे तीन रकाने सक्तीने भरून घेतले, तर झाकणे, आम्ले व कर यांवर पुढे होणाऱ्या खर्चापैकी फार मोठा भाग करावाच लागणार नाही. टाकी एकदा बांधून झाली की तिच्यावर उपाय शोधत बसावे लागते. गोठ्याचा नकाशा कागदावर असतो तोवर मात्र ओले की कोरडे, हा निर्णय फुकट घेता येतो.